वस्ती तीच, रहिवासी वेगळे : काटर्नबेर्गविषयी एक वाद

एखाद्या वस्तीचे सरासरी उत्पन्न वीस-तीस वर्षांत घटले, असे सांगितले जाते तेव्हा त्या विधानाचे दोन अगदी भिन्न अर्थ संभवतात. एक असा की तेथे राहणारी माणसे पूर्वीपेक्षा गरीब झाली. दुसरा असा की माणसेच बदलली, म्हणजे बरे कमावणारे निघून गेले किंवा मरण पावले आणि त्यांच्या रिकाम्या घरांत कमी कमावणारी कुटुंबे राहायला आली. बंद पडलेल्या कोळसाखाणींच्या वस्त्यांविषयी लिहिताना पहिला अर्थ इतका सहज गृहीत धरला जातो, की दुसऱ्याची शक्यता तपासण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. जर्मनीच्या रूर खोऱ्यातील एसेन शहराचा काटर्नबेर्ग हा उत्तरेकडील भाग या प्रश्नासाठी विशेष उपयोगी आहे, कारण तेथील खाण जगप्रसिद्ध आहे, तिच्या बंद होण्याची तारीख निश्चित आहे आणि त्यानंतर वस्तीवर झालेला सार्वजनिक खर्चही मोठा आहे.

उद्योगपती फ्रान्झ हानिएल यांनी १८४७ मध्ये येथे खाण खोदण्यास आरंभ केला आणि १८३४ पासून अस्तित्वात असलेल्या जर्मन राज्यांच्या जकातसंघाचे ‘त्सोलफेराइन’ हे नाव तिला दिले. १९३२ मध्ये सुरू झालेल्या तिच्या बाराव्या कूपकाची, म्हणजे कोळसा वर काढण्याच्या उभ्या विवराची, क्षमता दिवसाला १२,००० टन होती, आणि फ्रिट्झ शुप व मार्टिन क्रेमर या वास्तुविशारदांनी रचलेल्या त्याच्या इमारती पुढे औद्योगिक वास्तुकलेचा नमुना ठरल्या. २३ डिसेंबर १९८६ रोजी खाण बंद झाली, शेजारचा कोक-कारखाना १९९३ मध्ये थांबला आणि २००१ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारशात समाविष्ट केला. आज तेथे रूर संग्रहालय आहे, रचनाकलेचे शिक्षण देणारी संस्था आहे, आणि वर्षाला सुमारे १५ लाख लोक तो परिसर पाहण्यास येतात. मात्र कुंपणापलीकडच्या काटर्नबेर्गची गणना एसेनमधील कमी उत्पन्नाच्या भागांतच होते.

पुढील वादातील दोन्ही पक्ष कल्पित आहेत. एक श्रमबाजाराचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ आहेत आणि दुसऱ्या नागरी समाजशास्त्रज्ञ. दोघांच्या मागे दोन प्रस्थापित विचारपद्धती आहेत आणि आकडे दोघांनाही सारखेच मान्य आहेत.

अर्थतज्ज्ञ : “काटर्नबेर्ग म्हणजे ऱ्हासाचे उदाहरण, हे विधान प्रथम तपासून घ्यावे लागेल. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या दगडी कोळसा उद्योगात सुमारे सहा लाख माणसे काम करत होती. त्यानंतरच्याच वर्षी स्वस्त खनिज तेल आणि आयात कोळसा यांमुळे विक्रीचे संकट सुरू झाले, आणि २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रॉपची प्रॉस्पर-हानिएल ही शेवटची खाण बंद झाली तेव्हा त्या सहा लाखांपैकी जवळजवळ कोणीही उरले नव्हते. साठ वर्षांच्या या उताराच्या मोठ्या भागात खाणकामगारांना सरसकट रस्त्यावर आणण्यात आले नाही. काहींना दुसऱ्या खाणीत हलवण्यात आले आणि काहींना नवे शिक्षण मिळाले. १९७२ पासून जमिनीखाली काम केलेल्या माणसाला पन्नाशीतच काम थांबवून, निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत सरकारी ‘समायोजन भत्ता’ घेता येऊ लागला. मग उत्पन्न घटले ते नेमके कोणाचे?”

समाजशास्त्रज्ञ : “भत्ता घेणाऱ्याचे घटले नाही, हे खरे, पण त्याच्या मुलाचे? खाण ही केवळ पगार देणारी जागा नव्हती, ती शाळेतून फारसे गुण न घेता बाहेर पडलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला हाती धरून काम शिकवणारी संस्थाही होती. १९८६ नंतर बापाला भत्ता मिळाला, परंतु मुलासाठी असलेली उमेदवारीची जागा कायमची गेली, आणि ती गेल्याची नोंद उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात त्या वर्षी झाली नाही. शिवाय त्या काळातील उत्पन्न केवळ रोख रकमेत मोजणे हेही चूक आहे. खाणमालकीच्या घराचे भाडे बाजारापेक्षा कमी असे, जळणाचा कोळसा ठरावीक प्रमाणात मिळे, मागील अंगणात भाजी पिके आणि कोंबड्या, क्वचित डुक्करही पाळले जाई. हे वस्तुरूप उत्पन्न नाहीसे झाले तेव्हा कागदावर काहीच घटले नाही, पण घर चालवण्याचा खर्च वाढला.”

अर्थतज्ज्ञ : “वस्तुरूप उत्पन्नाचा मुद्दा स्वीकारण्यास हरकत नाही. पण आपण ज्या घसरणीकडे बोट दाखवता तिचा मोठा भाग वेगळ्याच कारणाने होऊ शकतो. जर्मन खाणकामगारांची ‘क्नापशाफ्ट’ नावाची स्वतंत्र विमासंस्था आहे. तिची मुळे मध्ययुगातील परस्पर-साहाय्य निधीपर्यंत जातात, आणि तिच्या नियमांनुसार सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी मिळणारा निवृत्तिवेतनाचा हक्क सामान्य कामगारापेक्षा एक-तृतीयांशाने अधिक असतो. आता कल्पना करा की अशी बरी निवृत्तिवेतने घेणारी पिढी १९९० आणि २००० च्या दशकांत एकेक करून मरण पावते आणि त्या घरांत नुकतेच देशात आलेले एखादे तरुण कुटुंब येते. कोणाचीही नोकरी गेली नाही, कोणाचाही पगार कमी झाला नाही, उलट नव्या कुटुंबाचे उत्पन्न त्याच्या मायदेशातील उत्पन्नापेक्षा कदाचित वाढलेच. तरी वस्तीची सरासरी खाली येते. यालाच संघटन-परिणाम म्हणतात, म्हणजे समूहातील घटक बदलल्यामुळे समूहाच्या सरासरीत दिसणारा बदल.”

येथे अर्थतज्ज्ञांनी वादाच्या मर्मावर बोट ठेवले आहे, आणि लोकसंख्येचा तक्ता व उत्पन्नाचा तक्ता वेगवेगळ्या प्रकरणांत छापण्याची जी सवय अहवालांना लागली आहे ती किती फसवी आहे हे यावरून दिसते. तथापि सरासरीचा दोष एवढ्यावर संपत नाही. माध्य म्हणजे एकूण रकमेला माणसांच्या संख्येने भागून येणारा आकडा. मध्यक म्हणजे सर्वांना उत्पन्नाच्या क्रमाने उभे केल्यावर बरोबर मधोमध येणाऱ्या माणसाचे उत्पन्न. जर्मनीतील जिल्ह्यांच्या दरडोई खर्चयोग्य उत्पन्नाच्या २०१९ च्या तुलनेत काटर्नबेर्गला लागून असलेले गेल्झनकिर्शन हे शहर सुमारे १७,००० युरोंसह तळाशी होते आणि हाइलब्रॉन हे शहर सुमारे ४२,००० युरोंसह अग्रस्थानी होते. परंतु हे आकडे माध्याचे आहेत, आणि हाइलब्रॉनच्या आकड्यावर लिडल या दुकानसाखळीच्या अब्जाधीश मालकाशी जोडलेल्या उत्पन्नाची छाया पडलेली असल्यामुळे तेथील सामान्य कुटुंब गेल्झनकिर्शनमधील कुटुंबाच्या अडीचपट कमावते, असा निष्कर्ष काढता येत नाही. गेल्झनकिर्शनचा आकडा मात्र असा एखाद्या माणसामुळे वाकडा झालेला नाही. तेथील सुमारे चाळीस टक्के मुले मूलभूत निर्वाहभत्त्यावर चालणाऱ्या घरांत वाढतात, आणि या आकड्यात सरासरीचा कोणताही खेळ नाही.

समाजशास्त्रज्ञ : “संघटन-परिणाम आहेच, पण आपण तो हवामानासारखा आपोआप घडणारा मानता. काटर्नबेर्गमध्ये कोण आले आणि कोण येऊ शकले नाही, हे ठरवणारे निर्णय माणसांनीच घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व प्रशियातील माझुरियन आणि पोलिशभाषक मजुरांना खाणमालकांनीच येथे आणले. १९५५ मध्ये इटलीशी आणि ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तानाशी कामगारभरतीचे करार झाले. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी भरती थांबवण्यात आली तेव्हा परत गेल्यास पुन्हा येता येणार नाही हे ओळखून अनेकांनी कुटुंबे बोलावून घेतली. त्यामुळे एकट्या पुरुषांच्या वसतिगृहांऐवजी मुलाबाळांची घरे उभी राहिली, आणि तीही जेथे भाडे परवडत होते व घरमालक दार उघडत होता तेथेच. १९८३ च्या कायद्याने मायदेशी परतणाऱ्या परदेशी कामगाराला १०,५०० मार्क देऊ केले, म्हणजे माणसाला त्याच्या निर्गमनाची किंमत सांगण्यात आली. नंतर लेबननच्या यादवीतून आलेले, २०१४ पासून कामगार म्हणून पूर्ण मुक्त संचार मिळालेले रुमेनियन आणि बल्गेरियन, २०१५ नंतरचे सीरियन हे सारे एसेनच्या उत्तर भागात अधिक प्रमाणात स्थिरावले. याला योगायोग म्हणता येणार नाही.”

अर्थतज्ज्ञ : “योगायोग नाही, तसा कटही नाही. स्वस्त घरांची वस्ती ही शहराच्या प्रवेशद्वाराचे काम करते. माणूस तेथे येतो, भाषा शिकतो, कमावू लागतो आणि निघून जातो. पोलिश नावांच्या कुटुंबांचे हेच झाले. शाल्के संघाचे एर्न्स्ट कुझोरा आणि फ्रिट्झ झेपान हे माझुरियन घरांतले खेळाडू १९३० च्या दशकात जर्मन फुटबॉलचे मानबिंदू झाले, आणि आज त्या आडनावांकडे परकेपणाची खूण म्हणून कोणी पाहत नाही. प्रवेशद्वाराचे सरासरी उत्पन्न कमीच राहणार, कारण यशस्वी झालेला प्रत्येक माणूस त्याच्या हिशेबातून वजा होतो. काटर्नबेर्गचा आकडा कमी आहे, याचा अर्थ कदाचित ते आपले काम नीट करते आहे.”

समाजशास्त्रज्ञ : “कदाचित! पण यशस्वी झालेले किती आणि अडकून पडलेले किती, हे आपल्या तक्त्यातून कळत नाही, कारण तक्ता जागेचा आहे, माणसांचा नाही. उलट मोजमापच मध्येच बदलले आहे. २००० पर्यंत येथे जन्मलेले तुर्की कामगाराचे मूल सामान्यतः परदेशी म्हणून मोजले जाई. नव्या नागरिकत्व कायद्याने, आईवडिलांच्या दीर्घ वास्तव्याची अट पूर्ण होत असल्यास, त्याला जन्मतः जर्मन नागरिकत्व दिले आणि ‘परदेशी’ या स्तंभातून ते नाहीसे झाले. २००५ च्या नमुना-गणनेत ‘स्थलांतराची पार्श्वभूमी’ असा नवा वर्ग आला आणि तेच मूल त्या स्तंभात पुन्हा प्रकट झाले. त्याच वर्षी जुना बेरोजगार-साहाय्य भत्ता आणि जुने समाजसाहाय्य एकत्र करण्यात आल्यामुळे गरिबीची मोजपट्टीही बदलली. म्हणजे २००५ च्या अलीकडची आणि पलीकडची वस्ती यांची तुलना करताना आपण दोन वेगळ्या फुटपट्ट्यांनी एकच कापड मोजतो.”

संज्ञांच्या या घोळात एक जुना इशारा विसरता कामा नये. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवून दिले की क्षेत्रांच्या सरासऱ्यांमध्ये आढळणारा संबंध त्या क्षेत्रांतील व्यक्तींमध्ये असेलच असे नाही, आणि क्वचित तो नेमका उलटाही असतो. या चुकीला पारिस्थितिक तर्कदोष म्हणतात. ज्या वस्तीत स्थलांतरितांचे प्रमाण जास्त तेथे उत्पन्न कमी, एवढ्यावरून स्थलांतरितांमुळे उत्पन्न कमी झाले असे म्हणणे हा त्या तर्कदोषाचा सर्वांत प्रचलित आणि राजकीयदृष्ट्या सर्वांत फायद्याचा प्रकार आहे.

वादाला खरे वळण मिळते ते एसेनच्याच दक्षिण भागातील हाइझिंगनच्या उदाहरणाने. रूर खोऱ्यातील कोळशाचे थर नदीकाठी पृष्ठभागाजवळ आहेत आणि उत्तरेकडे ते खोल उतरत जातात. म्हणून खाणकाम आधी दक्षिणेत सुरू झाले आणि खोल कूपकांच्या तंत्राबरोबर उत्तरेकडे सरकले. हाइझिंगन हीदेखील खाणवस्तीच होती; काटर्नबेर्ग आणि हाइझिंगन दोन्ही १९२९ मध्ये एसेन शहरात सामील झाले. हाइझिंगनची कार्ल फुंके खाण १९७३ मध्ये बंद झाली आणि तिचा लोखंडी उद्धरण-मनोरा बाल्डनाय सरोवराच्या काठी अजून उभा आहे. आज हाइझिंगन हा शहरातील सुस्थितीतील निवासी भागांपैकी एक मानला जातो. ए-४० हा महामार्ग दोन्हींच्या दरम्यान शहर कापत जातो, आणि त्याला तेथे ‘सामाजिक विषुववृत्त’ म्हणण्याची पद्धत आहे.

समाजशास्त्रज्ञ : “खाण बंद होणे हेच जर गरिबीचे कारण असते, तर हाइझिंगन गरीब असायला हवे होते. फरक जमिनीचा आणि पाण्याचा आहे. दक्षिणेत टेकड्या, रान आणि १९३३ मध्ये रूर नदी अडवून केलेले सरोवर. उत्तरेत एम्शर नदी, जी शंभराहून अधिक वर्षे उघडे गटार म्हणून वाहिली. खाली पोकळ झालेली भूमी खचत असल्यामुळे जमिनीखालून सांडपाण्याच्या वाहिन्या टाकणे शक्य नव्हते, म्हणून १८९९ मध्ये स्थापन झालेल्या एम्शर सहकारी संस्थेने नदीलाच सिमेंटच्या पात्रात बसवले. एसेनच्या काही भागांत जमीन वीस मीटरपेक्षा जास्त खचली आहे. ज्याच्या घराजवळून सांडपाण्याचा दर्प येतो, त्याच्या घराची किंमत वाढत नाही. आणि ज्याच्या घराची किंमत वाढत नाही, त्याच्या वस्तीत पैसेवाला राहायला येत नाही. आपला संघटन-परिणाम या गटारापासून सुरू होतो.”

अर्थतज्ज्ञ : “हाइझिंगनचे उदाहरण प्रभावी आहे, पण त्यात काळाचा फरकही आहे. १९७३ मध्ये दक्षिणेतील खाण बंद झाली तेव्हा उत्तरेतील खाणींना माणसे हवी होती, बोखुममध्ये १९६२ पासून ओपेलचा मोटार कारखाना चालू होता. कामगार दुसरीकडे लागू शकत होता. १९८६ मध्ये त्सोलफेराइन बंद झाली तेव्हा पोलाद उद्योगही मंदीत होता, आणि पुढे ओपेलचा तो कारखानाही २०१४ मध्ये गेला. एकच घटना मजूर हवे असताना घडली तर ती बदली ठरते आणि मजूर नको असताना घडली तर बेकारी. आणि जमिनीचाच प्रश्न असेल, तर आता काय? एम्शर २०२१ च्या अखेरीस सांडपाण्यापासून मुक्त झाली. तीन दशके आणि सुमारे साडेपाच अब्ज युरो त्यासाठी खर्च झाले. खाणीचे संग्रहालय झाले. आपल्या तर्काने काटर्नबेर्गची भाडी वाढायला हवीत, आणि तसे झाले तर हेच गरीब रहिवासी बाहेर फेकले जातील. मग आपण त्या सुधारणेच्या बाजूने की विरुद्ध?”

हा पेच खरा आहे आणि समाजशास्त्रज्ञांना त्यातून सहज सुटता येत नाही. गरीब वस्तीत सुधारणा होऊन तेथे वरच्या उत्पन्नगटातील लोक येणे आणि मूळ रहिवाशांना भाडेवाढीमुळे जावे लागणे, या प्रक्रियेला अभिजनीकरण म्हणतात. या अर्थाची इंग्रजी संज्ञा समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या संदर्भात घडवली. मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर जे घडले ते मराठी वाचकाला ठाऊक आहे : गिरण्यांच्या जमिनीला सोन्याचे मोल आले, मनोरे उभे राहिले आणि परळ-लालबागच्या सरासरी उत्पन्नाचा आकडा वर गेला, मात्र त्या वाढीत गिरणी कामगाराचा वाटा शोधावा लागतो. काटर्नबेर्गमध्ये हे फारसे घडलेले नाही. एसेनची लोकसंख्या १९६० च्या दशकारंभी सुमारे सव्वासात लाखांवर होती आणि आता ती सहा लाखांच्या आत आहे. मोकळ्या जागेची टंचाई नसलेल्या शहरात कारखान्याचे संग्रहालय केले म्हणून जमिनीचा भाव मुंबईसारखा उसळत नाही.

समाजशास्त्रज्ञ : “सुधारणेच्या बाजूनेच. मात्र सुधारणा कोणासाठी, हे आधी विचारावे लागेल. त्सोलफेराइनच्या नोकऱ्या संग्रहालयाच्या आणि रचनाकलेच्या आहेत. त्यांतील किती काटर्नबेर्गच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्याला मिळतात? बोखुमच्या रूर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ क्लाउस पेटर श्ट्रोमायर यांनी या प्रदेशाविषयी दाखवले आहे की गरिबी, स्थलांतर आणि मुलांची संख्या या तिन्ही गोष्टी त्याच त्या वस्त्यांत साठत जातात. म्हणजे शहरातील म्हातारे आणि सुस्थितीतील लोक दक्षिणेत, आणि शहराची पुढची पिढी जेथे सर्वांत कमी पैसा आहे तेथे. साडेपाच अब्ज नदीला मिळाले, हे चांगलेच झाले. शाळेला काय मिळाले?”

अर्थतज्ज्ञ : “या प्रश्नावर मतभेद नाही. पण शाळेला पैसा दिल्यावर तेथून शिकलेला मुलगा हाइझिंगनला राहायला गेला, तर काटर्नबेर्गचा आकडा पुन्हा खालीच राहील, आणि मग कोणीतरी अहवालात लिहील की तो खर्च वाया गेला. म्हणून मुलाचा माग ठेवा, पत्त्याचा नको.”

येथे दोन्ही पक्ष अनपेक्षितपणे जवळ येतात, परंतु पूर्णपणे एकत्र येत नाहीत. अर्थतज्ज्ञांचे म्हणणे की मोजमाप व्यक्तीचे व्हावे, आणि ते बरोबर आहे. समाजशास्त्रज्ञांचे म्हणणे की व्यक्तीला मिळणाऱ्या संधी जागेने ठरतात, आणि तेही बरोबर आहे, याला हाइझिंगन साक्ष आहे. प्रस्तुत लेखाचा कल पद्धतीच्या बाबतीत पहिल्या पक्षाकडे आणि कारणांच्या बाबतीत दुसऱ्या पक्षाकडे आहे. ज्याने माग ठेवला नाही त्याला काटर्नबेर्ग हे प्रवेशद्वार आहे की सापळा आहे हे सांगता येणार नाही, मग तो कितीही आत्मविश्वासाने सांगो.

हा प्रश्न विदर्भातील वाचकांपासून दूर नाही. चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात वेस्टर्न कोलफील्ड्स म्हणजे वेकोलिच्या वसाहतींत तेलंगणापासून छत्तीसगड-बिहारपर्यंतची कुटुंबे राहत आली आहेत. कंपनीचे क्वार्टर नोकरीशी बांधलेले असल्यामुळे ते सेवा संपल्यावर सोडावे लागते, म्हणजे येथे रहिवासी बदलण्याची यंत्रणा नियमातच आहे. भारताच्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्न विचारलाच जात नाही. २००९ पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक कोळसाखाणीला खाणबंदीचा आराखडा करावा लागतो आणि त्यासाठी स्वतंत्र राखीव खात्यात रक्कम भरावी लागते. त्या आराखड्यात खड्डे बुजवणे, मातीचे ढिगारे स्थिर करणे आणि झाडे लावणे यांचा तपशील असतो. त्याला आणखी एक परिशिष्ट जोडावे, एवढीच विनंती : खाण बंद होण्याच्या दिवशी वसाहतीत राहणाऱ्या आणि ती सोडून गेलेल्या प्रत्येक कुटुंबाची नोंद, आणि दहा वर्षांनी तीच कुटुंबे, ती जेथे असतील तेथे जाऊन केलेली, दुसरी नोंद.